उतरवणार कुठं?

आमच्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर खिळ्यांची एक ओळ आहे आणि त्या खिळ्यांवरून रंगीत सुताचे दोरे ताणलेले आहेत. नवीन आलेली इंजिनियर पोरं पहिल्या दिवशी ते बघतात आणि आपसात हळूच विचारतात, "साहेबांचं घरी सगळं बरं आहे ना?" मी ऐकलं नाही असं दाखवतो. कारण काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मीही विचारला होता, आणि तो हळू आवाजात विचारावा एवढी अक्कलही मला नव्हती.

तेव्हा त्या भिंतीखाली कल्लाप्पा बसत. सगळी कंपनी त्यांना आप्पा म्हणायची. मालक त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, तेही आप्पाच म्हणायचे. आमची कंपनी म्हणजे बेळगाव ते निपाणी या टापूत शाळा, दवाखाने, गोदामं असली कामं घेणारी बेताची कंत्राटदार मंडळी. आप्पा खरेदी बघायचे. विटा, वाळू, खडी, सळी, चौकटी, कड्या, नळ, जे लागेल ते वेळेवर जागेवर आणणं हे त्यांचं काम. कधी काय लागणार याचा आराखडा करणं माझं. म्हणजे मी ठरवायचं आणि आप्पांनी आणायचं, असा माझा समज होता. तो समज किती दिवस टिकला ते आता सांगतो. एक दिवस.

मी खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरचा, पण पुण्यात प्लॅनिंगचा कोर्स करून आलो होतो. खांद्याला लॅपटॉप, तोंडात इंग्रजी, आणि कंपनीनं मला फिरती खुर्ची दिलेली. मच्छेतल्या एका गोदामाच्या कामाचा रंगीत तक्ता मी आप्पांच्या टेबलावर पसरला. निळ्या पट्ट्या, हिरव्या पट्ट्या, एका पट्टीतून दुसरीत जाणारे बाण. आप्पांनी चष्मा पुसला, तक्ता नीट पाहिला, लग्नपत्रिका पाहावी तसा. मग एका पट्टीवर बोट ठेवलं.

"ही खडी सोमवारी येणार?"

"हो. सोमवारी सकाळी. चार गाड्या."

"उतरवणार कुठं?"

"साइटवर."

"साइटवर म्हंजे कुठं रं? मेस्त्रीच्या डोस्क्यावर?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला. सोमवारी चार गाड्या आल्या. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठं टाकू?" आणि मी ऐटीत हात फिरवून जिथं रिकामी जागा दिसली तिथं टाकायला सांगितलं. ती जागा रिकामी होती कारण मंगळवारी तिथं पाण्याच्या टाकीचा खड्डा खणायचा होता. माझ्याच तक्त्यात तसं लिहिलं होतं, पिवळ्या पट्टीत. पुढचे दोन दिवस बारा माणसं खडीचा तो डोंगर पाट्यांनी इकडचा तिकडं करत होती आणि प्रत्येक पाटी उचलताना माझ्याकडं बघत होती. तेव्हापासून मच्छेत माझं नाव 'खडीसाहेब' पडलं. अजून तिथल्या चहाच्या टपरीवर त्याच नावानं कप येतो.

 त्यानंतर मी कुठलाही तक्ता दाखवला की आप्पा एवढंच विचारायचे, "उतरवणार कुठं?" सळी आली तरी तेच, खिडकीच्या काचा आल्या तरी तेच. एकदा मालकांनी नवीन मोटार घेतल्याचे पेढे वाटले तेव्हाही आप्पांनी पेढा हातात घेऊन आधी खिडकीतून खाली अंगणाकडं पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं झालं. लावणार कुठं?"

आप्पा वडगावच्या विणकरांच्या घरातले. वडिलांचे दोन माग होते. लहानपणी शाळेतून आलं की तुटलेले दोरे जोडायचं काम त्यांच्याकडं. पुढं माग गेले, आप्पा खासबागला राहायला आले आणि बांधकामाच्या धंद्यात शिरले, पण बोटं मागावरच राहिली. बोलता बोलता ती बोटं हवेत एकमेकांवर फिरायची, न दिसणारी गाठ मारत असावीत तशी.

भिंतीवरचे दोरे त्यातूनच आलेले. काम नवीन आलं की आप्पा आधी सगळ्यात उजवीकडचा खिळा ठोकायचे. तो खिळा म्हणजे माणसं आत राहायला येणार तो दिवस. मग तिथून डावीकडं, उलटं मोजत यायचे. रंग कधी, दारं कधी, वीट कधी. प्रत्येक मालाचा दोरा वेगळ्या रंगाचा. फोन करायचा त्या ठिकाणी साधी गाठ. आणि काही ठिकाणी काळ्या दोऱ्याची गाठ. मी विचारलं, हे काळं काय?

"ह्या दिवशी माल येत न्हाय."

"का?"

"कुठं गावजेवणाची म्हाई असती, कुठं आठवडी बाजार. रस्त्यात वांगी मांडून बाई बसलेली असती, तिला काय सांगणार, तुझी वांगी उचल, माझं काँक्रीट यायलंय?"

मी म्हटलं, "आप्पा, पण सुरुवात डावीकडून करतात. पहिलं काम पहिलं."

"साडी विणताना आधी उभ्या दोऱ्यांचा अख्खा ताणा लावावा लागतो. शेवटच्या दोऱ्यासकट. मग आडवा दोरा घेऊन धोटा हलतो. तू धोटा घेऊन पळालायस आणि ताणा पुण्यात इसरून आलायस."

एवढं बोलून आप्पा फोनकडं वळायचे. ते ऐकणं हा एक कार्यक्रम होता. गोकाककडच्या दगडवाल्याशी कानडीत, फरशीच्या मारवाडी व्यापाऱ्याशी हिंदीत, भट्टीवाल्याशी आपल्या मराठीत. तिन्ही भाषांत आवाज एकच, मऊ. चिडले की आणखी मऊ. "आयतु, आयतु," असं कानडीत 'झालं, झालं' म्हणत फोन ठेवला की समजावं, समोरच्याची धडगत नाही. तो माणूस अर्ध्या तासात स्वतः गाडी घेऊन हजर व्हायचा, काय चुकलं ते विचारायला.

खरेदीला मला एकदा ते खडेबाजारात घेऊन गेले. दवाखान्याच्या कामासाठी बिजागऱ्या घ्यायच्या होत्या. दुकानदारानं एक नमुना काढून दिला. आप्पांनी तो हातात घेतला आणि उघडझाप सुरू केली. उघडझाप करत दुकानदाराच्या आईची गुडघेदुखी विचारली, मुलीचा निकाल विचारला, चहा आला तो डाव्या हातानं प्याले. उजव्या हाताची उघडझाप चालूच. शेवटी दुकानदार वैतागला.

"आप्पा, बिजागरी घेताय की तिला नांदवून बघताय?"

"दवाखान्याचं दार हाय, अण्णा. दिवसाला तीनशे वेळा उघडणार. ही आत्ताच कुरकुराय लागली. दुसरी दाखव."

चौथी बिजागरी पसंत पडली. मी तोवर वेळ वाया चाललाय म्हणून दारांच्या कड्या स्वतःच्या अकलेनं घेऊन टाकल्या होत्या, भराभर, शंभरावर नग. सगळ्या एकाच बाजूला उघडणाऱ्या दारांच्या निघाल्या. त्या दवाखान्यात आजही निम्म्या दारांना कडी उलटी आहे आणि पेशंट आत कोंडला की सिस्टर माझी आठवण काढतात, असं ऐकतो.

हे सगळं हसण्यावारी गेलं. निपाणीच्या शाळेचं मात्र गेलं नसतं.

निपाणीच्या एका टोकाला प्राथमिक शाळा होती. जुनी इमारत पाडलेली, नवी आम्ही बांधत होतो, आणि तोवर पोरं बसायची जवळच्या तंबाखूच्या वखारीत. वखार रिकामी होती, पण तिच्या भिंतींनी पन्नास वर्षांची तंबाखू पिऊन ठेवली होती. एक पोरगं शिंकलं की दुसरं, दुसऱ्यामागून तिसरं, अशी लाट पहिलीपासून चौथीपर्यंत जायची. पाढे म्हणताना बे चोक झाल्यावर सगळा वर्ग शिंकायला थांबायचा, मग बे पंचे.

शाळेच्या मोठ्या बाई अंगानं किरकोळ, आवाजानं नव्हे. पहिल्याच भेटीत त्यांनी आप्पांना सांगितलं, "वखार आमच्याकडं उन्हाळी सुट्टी संपंपर्यंत हाय. पुढं मालकाला तंबाखू ठेवायचीय. सुट्टी संपून शाळा उघडली आणि तुमची इमारत तयार नसली, तर माझी पोरं गावाच्या पार पल्याडच्या शाळंत जाणार. म्हंजे पोरगे जातील. पोरी किती जातील ते मला ठाऊक हाय. निम्म्या घरात बसतील."

आप्पा म्हणाले, "शाळा उघडंल त्या दिवशी नव्या वर्गात बसतील, बाई." आणि परत आल्यावर भिंतीवर उजवीकडं खिळा ठोकला. नेहमीपेक्षा दोन घाव जास्त घातले.

गणपती झाल्यावर आप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दसऱ्याच्या सुमाराला दुसऱ्याचं. पार दिवाळी होईपर्यंत ते घरी. मालकांनी भिंत माझ्या हवाली केली. मला कोण आनंद! आता या भिंतीला थोडं शास्त्र शिकवू, असं मी मनाशी म्हटलं.

शाळेच्या विटांचा तांबडा दोरा पाहिला. आप्पांनी सगळ्या विटा दसऱ्याच्या आत आणायच्या ठरवल्या होत्या आणि त्यापुढं एक मोठी काळी गाठ मारली होती. पण भिंतींचं काम तर दिवाळीनंतर! एवढ्या विटा आधी आणून करायचं काय? जागा इनमीन एवढीशी. आणि इथं मी आप्पांचाच प्रश्न आप्पांवर वापरला. म्हटलं, उतरवणार कुठं? लागेल तसा माल मागवावा, पुण्यात हेच शिकवलेलं. मी काळी गाठ सोडली, तांबडा दोरा दिवाळीपलीकडं सरकवला, आणि त्याचा फोटो काढून माझ्या पुण्याच्या सरांना पाठवला. सरांनी अंगठा दाखवला. उभा.

दिवाळी झाल्यावर भट्टीवाल्याला फोन केला.

"विटा हायत का?"

"हायत की, साहेब. पायजे तेवढ्या."

"मग पाठवा उद्यापासून."

"कशातनं?"

"कशातनं म्हणजे? ट्रॅक्टरातनं."

 तो जपून, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलला. "साहेब, कारखाना सुरू झालाय. ट्रॅक्टर सगळे उसाला गेलेत. आता मार्चात बघू."

मी शेतकऱ्याचा पोरगा. आमच्याकडं भात आणि काजू, ऊस नाही, ही सबब मी मनातल्या मनात स्वतःला तीनदा सांगितली, मलाच पटली नाही. लॉरी शाळेच्या बोळात शिरत नव्हती. छोटा टेंपो करावा तर खेपा मोजताना घाम फुटला. भिंती मार्चात सुरू झाल्या तर छप्पर पावसात. म्हणजे बाईंच्या पोरी घरात.

मग मी काय केलं? मालकांना सांगितलं? नाही. नवा तांबडा दोरा आणला, जुन्या जागी हुबेहूब ताणला, साध्या गाठी मारल्या, काळा दोरा काही सापडला नाही, आणि देवाला हात जोडले. आप्पा दुसऱ्या दिवशी कामावर येणार होते आणि डॉक्टरनी त्यांना महिनाभर काळा चष्मा दिला होता. दिसणार नाही, असा माझा हिशोब.

आप्पा आले. काळा चष्मा, गळ्यात टॉवेल, खिशात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. चहा प्याले. मग भिंतीपाशी गेले, डोळे मिटले आणि उजव्या खिळ्यापासून तांबड्या दोऱ्यावरून बोट फिरवत डावीकडं निघाले. मी लॅपटॉपमागं लपलो. बोट सरकत होतं. एका जागी थांबलं. थोडं मागं गेलं, पुन्हा आलं.

"इथली गाठ कुठं गेली?"

"कुठली, आप्पा?"

"काळी. आणि हा दोरा नवीन हाय. अजून गुळगुळीत हाय, हाताळलेला न्हाय." डोळे मिटलेलेच. "ट्रॅक्टर उसाला गेले न्हवं?"

 मी सगळं सांगून टाकलं. फोटोसकट. सरांच्या अंगठ्यासकट.

"आणि विटा आधी आणल्या असत्या तर उतरवणार कुठं?" मी शेवटचा दुबळा प्रयत्न केला.

"वखारीच्या मागच्या अंगणात. बाईंना श्रावणातच इचारून ठेवलतं." आप्पा खुर्चीत बसले. मऊ आवाजात म्हणाले, "आयतु."

 पण ते ओरडले नाहीत. टॉवेलानं चष्मा पुसला आणि म्हणाले, "मालकाला मी सांगतो. बाईंना तू सांगायचं. आज."

मला उलटं चाललं असतं.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं.  तिसरीच्या वर्गाकडं बोट करून म्हणाल्या, "तिथं बसा. पाठीमागं. तास संपला की बोलू." मी पोरांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलो. पाच मिनिटांत पहिली शिंक आली. मग थांबेचनात. पुढच्या बाकावरची एक दोन वेण्यांची पोरगी, सुनीता तिचं नाव, मागं वळून मोठ्यानं मोजायला लागली. सतरापर्यंत मोजलं आणि सगळ्या वर्गाला जाहीर केलं, "बाई, साहेबांनी दिग्याचा रेकॉर्ड मोडला!" टाळ्या पडल्या.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "कळलं न्हवं? जावा आता, विटा आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी मला मोटारसायकल काढायला लावली. मागं स्वतः बसले. वाटलं, दुसऱ्या भट्टीला चाललोय. तर म्हणाले, "कारखान्याला घे."

"कारखान्याला कशाला?"

"ऊस घेऊन ट्रॅक्टर भरलेला जातो. येताना?"

मी उत्तर द्यायच्या आधीच मला ते दिसलं. येताना रिकामा. आणि कारखान्यावरून निपाणीकडं येणाऱ्या रस्त्यालाच भट्टी.

कारखान्याच्या वजनकाट्यापुढं ट्रॅक्टरांची मैलभर रांग. ड्रायव्हर सावलीला पत्ते खेळत, कोण झोपलेला, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. आप्पांनी टपरीवरून चहाची किटली उचलली आणि एका टोकापासून सुरुवात केली. विटांचं नावच काढलं नाही. चहा ओतायचा आणि विचारायचं, "गाव कुठलं? पोरं किती? कुठल्या शाळंत?"

सहाव्या का सातव्या ड्रायव्हरनं ती शाळा सांगितली. "वखारीत बसत्यात ओ. घरी आलं तरी शिंकतंय पोरगं. माझी आई म्हणती, तंबाखू वडाय लागलं काय!"

"मग नवीन शाळंच्या विटा तुझ्या वाटंवर पडल्यात, आणि तू रिकामा चाललायस व्हय रं?"

ड्रायव्हर कप तोंडाशी धरून थांबला. मग त्यानं मागच्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली, "ए बाळू, ऐकलास काय? हितं ये जरा!"

आप्पांनी अटी तिथंच सांगितल्या. उसाच्या ट्रॉलीला कडेच्या फळ्या नसतात, म्हणून विटांचे चारच थर रचायचे, उंच नाही. दोन ट्रॉल्यांतली एक भट्टीवर सोडायची, बोळात एकच आणायची. भाडं रीतसर. भरायला-उतरायला माणसं आमची, ड्रायव्हरनं खाली उतरायचंसुद्धा नाही, म्हणजे त्याची पुढची पाळी चुकणार नाही. मग ते माझ्याकडं वळले. सगळे ड्रायव्हर वळले. मला कळलं आता काय येणार.

"खडीसाहेब, उतरवणार कुठं?"

आणि देवाशपथ सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं उत्तर होतं. वखारीतून निघताना, शिंकत शिंकतच, मी बाईंकडून मैदान आखायची फक्की मागून घेतली होती आणि अंगणात चौकोन आखून आलो होतो. येणाऱ्या गाडीची वाट कुठली, जाणारीची कुठली, सगळं. मी सांगितलं. आप्पांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघितलं असावं. "हं," म्हणाले. एवढंच. मला ते 'हं' अजून पुरतंय.

पहिला ट्रॅक्टर चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बोळात शिरला, गाणं लावूनच. सगळी शाळा वखारीतून बाहेर आली. त्यानंतर रोज दोन, कधी पाच, पाळीप्रमाणं. ज्यांची पोरं त्या शाळेत नव्हती तेही यायला लागले, कारण आता रांगेत ती एक चढाओढ झाली होती. विटांवर उसाचं पाचट चिकटलेलं असायचं. मेस्त्री म्हणायचा, "आप्पा, ह्या भिंतीला मुंग्या लागतील." संक्रांतीच्या आत सगळ्या विटा आल्या. पुढं खिडक्यांचं एक लफडं मी केलंच, पण ते लहान होतं आणि कागद संपत आलाय.

शाळा उघडायचा दिवस हाच आप्पांचा नोकरीचा शेवटचा दिवस, हे मला त्याच सकाळी कळलं. त्यांनी तो खिळा दोन घाव जास्त घालून का ठोकला होता, तेही. मालकांनी मांडव घातला होता, हार आणले होते, पहिल्या रांगेत आप्पांची खुर्ची ठेवली होती. खुर्ची रिकामी. मला शोधायला पाठवलं.

आप्पा फाटकात उभे होते. काळा चष्मा कधीच गेलेला, गळ्यात टॉवेल तोच. वखारीतून पोरांची मिरवणूक निघालेली. कुणाच्या डोक्यावर फळा, कुणाच्या हातात घंटा, कुणाच्या काखेत नकाशाची गुंडाळी. बाई मागून, "सावकाश, सावकाश!" सगळ्यात पुढं सुनीता आणि तिची मैत्रीण, एका बाकाची दोन टोकं धरून.

आप्पांनी हात आडवा केला. मिरवणूक थांबली.

"उतरवणार कुठं गं?"

सुनीतानं बाक खालीसुद्धा ठेवला नाही. "चौथीत, आप्पा! खिडकीच्या कडंला, दुसरी रांग. काल येऊन खडूनं खूण करून ठेवलीया."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. बोटं हवेत एकमेकांवर फिरली, गाठ बसली. ते फाटकातून बाजूला झाले आणि टॉवेलानं डोळे पुसत म्हणाले, "मग जा की. थांबलीयास कशाला?"